गंधार चौदा सेंट उतरला, मग?

तुम्ही पत्राखाली 'बेसूर' अशी सही केलीत. मी ती वापरणार नाही.

तुमचं म्हणणं असं: सहा वर्षं गाणं शिकताय. दिवाळीत फोनवर सूर मोजणारं ॲप घेतलं आणि त्याचा काटा काही शून्यावर ठरेना. रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, पुसून टाकायचं. आता दोन महिने रियाज बंद. विचारलंत, 'अगदी बिनचूक सूर असतो तरी का?'

आधी त्या काट्याचं बोलू. ही ॲप्स बहुधा पियानोच्या मापानं चालतात, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे तुकडे. एका तुकड्याचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप जो स्वयंभू गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो, तो या मापाच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो. म्हणजे ज्या दिवशी तुमचा गंधार तंबोऱ्यात विरघळला, नेमका त्याच दिवशी फोननं तो चुकीचा ठरवला असणार! (पेटीचंही, म्हणजे हार्मोनियमचंही, दुखणं हेच. आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं तिला दाराबाहेर ठेवलं, त्यामागच्या कारणांत हेही एक.)

मग तंबोऱ्याचं माप तरी पुरं पडतं? नाही. 'सा'पासून शुद्ध पंचम घ्या, म्हणजे दीडपट कंपनं, त्यालाच 'सा' मानून पुढचा पंचम, असं बारा वेळा चढा. सात सप्तकं वरच्या 'सा'वर पोचायला हवं, दर सप्तकाला कंपनं दुप्पट. १२८ पटीला थांबायचं, तर आपण १२९.७५ ला! त्या बारातल्या एका तुकड्याच्या जवळजवळ पाव भागानं पुढे. हिशेबच तसा आहे, गळ्याचा त्यात काही दोष नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार हलकं वाटलं होतं.

तुम्ही बेसूर होतच नाही, असं मी म्हणत नाहीये. शिकवणाऱ्या बाई थांबवतात तिथे थांबायचंच. पण बाई 'गाऊ नकोस' म्हणाल्याचं पत्रात कुठे नाही. तसं फक्त फोन म्हणतोय.

मी अडखळले ती पत्राच्या शेवटाशी. लेक ताटं मांडताना गुणगुणत होती, तुम्ही म्हणालात, 'निषाद चढलाय', आणि हल्ली ती गुणगुणत नाही. हे तुम्ही जाता जाता लिहिलंत; सगळं पत्र यावरच हवं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला निषादाशी काय देणंघेणं?

ॲप काढून टाका. महिनाभर रेकॉर्डिंग नको. सकाळी वीस मिनिटं नुसता खर्ज. हवा बदलली की तंबोरा उतरतो, मोठमोठे गवई मैफलीत मधेच तारेचे मणी सरकवून तो जुळवतात, कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

आणि रात्री भांडी घासताना काहीतरी मोठ्यानं गा. रागदारी नको, लेकीला येतं असं काहीतरी. ती लगेच सूर मिसळेल असं नाही, आठवडाही जाईल. मिसळलाच, आणि निषाद चढलेला निघाला, तर भांडी घासत राहा.