कृष्णविवर शोषतं, गिळतं की खातं?

कोथरूडच्या एक शिक्षिका आठवीच्या मुलांसाठी कृष्णविवरांवर टिपण लिहीत आहेत. त्यांनी विचारलंय: 'कृष्णविवर आसपासचं सगळं शोषून घेतं' हे बरोबर, की 'गिळतं' म्हणावं? आणि 'ॲक्रीशन'ला, म्हणजे भोवतालचा वायू विवरात जमा होण्याला, 'अभिवृद्धी' चालेल का?

बाई, 'शोषतं' आधी खोडा. शोषणं हे काम टीपकागदाचं. तुमचं वाक्य वाचून मुलांच्या डोळ्यांसमोर व्हॅक्यूम क्लीनर येणार. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आणून ठेवलं तर अंधार होईल, थंडीनं गारठू, पण पृथ्वी आपल्या वाटेनंच फिरत राहील. आकाशगंगेच्या मध्यावर 40 लाख सूर्यांएवढं जड विवर आहे. एस-2 नावाचा तारा 16 वर्षांत त्याला एक फेरी मारतो, आणि आहे तसा आहे. अशा ताऱ्यांच्या फेऱ्यांवरूनच विवराचं वजन काढलं गेलं. 2020 च्या भौतिकीतल्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला मिळाला.

'गिळतं' झकास आहे, पण जपून. गिळायचं म्हणजे न चावता. आपल्या या विवराच्या फार जवळ सूर्यासारखा तारा गेला, तर आत जाण्याआधीच तो शेवयांसारखा ताणला जाऊन फाटतो आणि जवळजवळ निम्मा बाहेर भिरकावला जातो. हे कसलं गिळणं! विवर साधारण 10 कोटी सूर्यांहून जड असेल तर मात्र तारा फाटायच्या आतच विवराचा उंबरठा, म्हणजे जिथून परत येता येत नाही ती हद्द, ओलांडतो, अख्खाच्या अख्खा. 2019 साली ज्याचं चित्र आपण पाहिलं ते एम-87 या दीर्घिकेतलं विवर 650 कोटी सूर्यांचं. तिथं 'गिळतं' बिनधास्त लिहा.

एरवी 'खातं' बरं, कारण खाताना सांडतं. वायू सरळ आत पडत नाही. विवराभोवती चकती करून भोवऱ्यासारखा गरगरतो, घासून तापतो आणि क्ष-किरणांत झळकतो. ते किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून 2015 साली भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह वर गेला. त्यातल्या एका उपकरणाचं काम आपल्या गणेशखिंडीतली आयुका ही खगोलसंस्था पाहते. काही विवरं फवारे उडवतात. त्यांचे रेडिओ तरंग नारायणगावजवळ खोडदच्या दुर्बिणीच्या 30 तबकड्या टिपतात.

आता 'अभिवृद्धी'. चूक नाही, पण दिवाळीच्या शुभेच्छापत्रातून उचलल्यासारखा वाटतो. चकतीच्या नावात राहू दे हवा तर. वाक्यात मात्र आजीचं क्रियापद वापरा: अंगी लागणं. "खातोय एवढं, पण मेल्याच्या अंगी लागत नाही!" नेमकं तेच इथं घडतं. आत जाणाऱ्या वस्तुमानातला काही हिस्सा वाटेतच प्रकाश होऊन निसटतो: विवर स्वतःभोवती फिरत नसेल तर सुमारे 6 टक्के, अतिवेगानं फिरत असेल तर 42 टक्क्यांपर्यंत. उरलेलंच अंगी लागतं. म्हणून क्वेसारांच्या, म्हणजे खाताना झळाळणाऱ्या दूरच्या अवाढव्य विवरांच्या, प्रकाशाची बेरीज करून विश्वातल्या विवरांनी आजवर किती खाल्लं याचा अंदाज बांधता येतो. खगोलशास्त्रज्ञ सोल्तान यांनी 1982 मध्ये हाच हिशेब मांडला. पंगत उठल्यावर पत्रावळी मोजाव्यात, तसा.

दोन विवरं एकत्र आली तर तिथं कोणी कोणाला खात नाही. 'एकजीव होतात' म्हणा, कणकेसारखी. 2015 साली अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं टिपलेल्या जोडीत सुमारे 36 आणि 29 सूर्यांची दोन विवरं मिळून 62 चं एक झालं. बेरीज चुकली म्हणून वर्गात हात वर होतील. ते तीन सूर्य गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातले तरंग, होऊन निघून गेले, म्हणजे तेही अंगी न लागलेलेच.