निकाल लागल्यावरची आशा

प्रिय,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

निवडणुकीपासून तरुण संघाचा ग्रुप तापलाय, दोघांनी उपासनेला येणं सोडलंय आणि तुला वाटतंय, आता काही खरं नाही. आधी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचे अध्याय 28 आणि 29 एका बैठकीत वाच. खोटा संदेष्टा हनन्या सांगत होता, दोन वर्षांत बाबेलचं जोखड मोडून सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना पत्र धाडलं ते 70 वर्षांचा हिशोब मांडून: घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपण पाच वर्षांच्या निकालालाच आशा समजतो. मग आपला पक्ष हरला की विश्वास डळमळतो, जिंकला की त्याच्या चुका दिसेनाशा होतात. दुसरं जास्त घातक.

आता कामाचं. रोजच्या प्रार्थनेत, ज्याला तू मत दिलं नाहीस अशा एका नेत्याचं नाव घे. 'प्रभू, त्याला सद्बुद्धी दे' ही प्रार्थना नव्हे, टोमणा झाला. त्याच्या हातातलं एखादं काम धर, वस्तीतला रस्ता किंवा मेडिकलच्या सरकारी दवाखान्यातले पेशंट, आणि ते नीट व्हावं म्हणून माग.

ग्रुपवर कुणी खोटा व्हिडिओ टाकला, कुणा समाजाला शिव्या घातल्या, तर गप्प बसू नकोस. पण पाप करणाऱ्या भावाला समजावायचा मत्तयाच्या शुभवर्तमानातला, अध्याय 18 मधला क्रम पाळ. आधी एकट्याला गाठायचं, मग एक-दोघांना सोबत न्यायचं, मंडळीपुढे, म्हणजे सगळ्या चर्चपुढे, शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, आणि चारचौघांत तोंडघशी पडलेला माणूस माघार घेत नाही. नुसत्या वेगळ्या मताला मात्र हा क्रम लावू नकोस, ते पाप नाही. तिथे तर्री-पोह्यांची प्लेट पुरते. त्याचं म्हणणं त्यालाच पटेल अशा शब्दांत आधी सांगून दाखव, मग तुझं.

सगळ्यांचं एकमत व्हायलाच हवं, हा हट्टही नको. आपल्याच नागपुरात, सदरमध्ये, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. बोलणी 1929 पासूनची. बाप्तिस्मा तान्ह्या मुलांना द्यायचा की कळत्या वयात, यावर कुणाला झुकवलं नाही, दोन्ही रीती ठेवल्या. त्यातही एक मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिलीच.

त्या दोघांपैकी ज्याच्याशी तुझं कमी पटतं, त्याच्या घरी या शनिवारी जा. उपासनेचा विषय काढू नकोस, घरच्यांची विचारपूस कर.