टक्केवारीआड राहणारा गाळ

प्रश्न : इंदूरजवळच्या पीथमपूर या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. तिच्या वार्षिक अहवालात ‘९० टक्क्यांहून अधिक कचऱ्याचा पुनर्वापर’ असे ठळक छापले आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला जाळला गेल्यापासून आमच्याकडे हा विषय वरचेवर निघतो. हा आकडा कितपत खरा मानावा, आणि माझ्यासारख्याला तो पडताळता येईल का? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आकडा बहुधा खराच असेल, मात्र तुम्हाला जे जाणून घ्यायचे आहे, ते तो सांगत नाही. अशा कारखान्यात वजनाने सर्वांत जास्त निघतो तो लेथवरचा लोखंडाचा कीस आणि पत्र्याचे तुकडे, आणि ते भंगारवाला पैसे मोजून नेतो. समजा, वर्षभरात ९५० टन भंगार विकले गेले आणि ५० टन घातक गाळ पुरला गेला, तर ‘९५ टक्के पुनर्वापर’ असे छापता येते. म्हणून टक्केवारी सोडून घातक कचऱ्याचे टन पाहावेत.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांविषयीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यातील पर्यावरणाविषयीच्या सहाव्या तत्त्वाखाली घातक कचरा किती निर्माण झाला, किती पुन्हा वापरात आला, किती जाळला आणि किती पुरला, हे वेगवेगळे द्यावे लागते. ‘जाळला’ या रकान्यावर समाधान मानू नये. युनियन कार्बाइडचा कचरा ३३७ टन होता; जाळताना चुन्यासारखे पदार्थ मिसळावे लागल्याने उरलेल्या राखेचे वजन त्याहून अधिक भरले, आणि ती राखही कुठे पुरायची हा प्रश्न उरलाच.

कारखान्यातील मूळ नोंदी २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार होतात. वापरलेले तेल, रंगाचा गाळ, फॉस्फेटिंगचा (रंगाआधी धातूवर केल्या जाणाऱ्या रासायनिक प्रक्रियेचा) गाळ, तेलकट चिंध्या, रसायनांचे रिकामे पिंप हे सारे त्यात येते. असा कचरा साधारणतः ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि त्याची नोंद तिसऱ्या नमुन्यात (फॉर्म ३) ठेवावी लागते. गाडी फाटकाबाहेर पडते ती दहाव्या नमुन्यातील मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारे वाहतूकपत्र घेऊन, ज्याच्या सात रंगांच्या सात प्रती असतात. वाहतूकदाराच्या सहीची पिवळी प्रत कारखान्याकडे राहते; निळी प्रत माल घेणारा, म्हणजे कचरा विल्हेवाट केंद्राचा चालक, सही करून कारखान्याला परत पाठवतो. तपासणीस गेलेल्या माणसाने सर्वांत आधी निळ्या प्रतींची फाइल मागावी, असे माझे मत आहे, कारण माल निघाल्याचा पुरावा पिवळी प्रत देते, पण तो पोहोचल्याचा पुरावा निळीच देते.

या नोंदींवरून चौथ्या नमुन्यातील वार्षिक विवरणपत्र तयार होते आणि मागील एप्रिल ते मार्च या वर्षासाठी ते ३० जूनपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. तुम्हाला हवा तो कागद हाच. माहिती अधिकाराखाली मध्य प्रदेशाच्या मंडळाकडे त्या कारखान्याच्या चौथ्या नमुन्याची प्रत मागा. जमल्यास फाटकावरचा फलकही पाहून या. घातक कचऱ्याची माहिती तिथे लिहिणे सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशाने बंधनकारक आहे. रंग उडालेल्या फलकावर जुनीच तारीख दिसली, तरी त्यातून कळायचे ते कळते.

दोन्ही कागदांतील आकडे जुळले नाहीत, तर लगेच लबाडीचा निष्कर्ष काढू नये. बीआरएसआर सर्व कारखान्यांचा मिळून असतो, विवरणपत्र एकाच कारखान्याचे; शिवाय फिल्टर प्रेसमधून (गाळातले पाणी दाबून काढणाऱ्या यंत्रातून) निघालेला ओला गाळ वाळल्यावर बराच हलका होतो, तेव्हा वजन कोणत्या टप्प्यावर केले हेही पाहावे लागते. एवढे वजा करूनही मोठी तफावत उरली, तर भागधारक म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेत, शक्यतो आधी लेखी कळवून, कारखानावार आकडे मागण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे.