एखाद्या भागात ठरावीक कंपनीच्याच गाड्या का दिसतात?

तुम्ही विचारलंय की पुण्यात असताना रस्त्यावर मारुती आणि ह्युंदाईच जास्त दिसायच्या, आणि कामानिमित्त सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावला फिरती सुरू झाल्यापासून जिकडे बघावं तिकडे महिंद्राची बोलेरो. लोक एकमेकांचं बघून गाडी घेतात की यामागे काही कारण आहे, आणि तुम्ही स्वतः कोणती घ्यावी?

एकमेकांचं बघून घेतात हे खरं आहे. पण शेजाऱ्याची गाडी बंद पडल्यावर ती किती वेळात परत सुरू झाली, हे ते बघतात. मी याच पट्ट्यात, तालुक्याच्या गावी, स्पेअर पार्टच्या दुकानात बरीच वर्षं काउंटरवर काम केलंय. तिथून जे दिसलं ते सांगतो.

सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा फडक्यात गुंडाळलेला पार्ट घेऊन येतं. पार्टचं नाव ठाऊक नसतं, नंबर तर नाहीच. फडकं सोडून ती तेलकट वस्तू काउंटरवर ठेवायची आणि म्हणायचं, "बोलेरोचा हाय, ह्याच्यागतच द्या." मी मागे वळून रॅकवरचा खोका काढायचो, दोन्ही पार्ट शेजारी ठेवून भोकं जुळवून दाखवायचो आणि माणूस वाटेला लागायचा. तोच पार्ट इकडे फारशा न खपणाऱ्या गाडीचा निघाला की साताऱ्याला फोन, तिथं नाही तर पुण्याला. मग कुणा ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती पार्सल. तोवर गाडी गॅरेजच्या दारात धूळ खात उभी. पुण्यात चार दिवस गाडी नसली तर रिक्षा आहे, बस आहे. इथं डाळिंबाचे क्रेट मार्केटला न्यायचे असतात, वाडीवरून दूध डेअरीला पोचवायचं असतं, रात्री कुणाला दवाखान्यात हलवायचं असतं. गाडी उभी राहिली की घरचं सगळंच अडतं.

आता दुकानदाराच्या बाजूनं बघा. माल भरायला त्याचेच पैसे अडकतात, म्हणून तो भरतो त्याच गाडीचा माल जी आसपास जास्त आहे. मेकॅनिकचंही तसंच. गॅरेजात लागलेलं पोरगं ज्या गाड्या रोज येतात त्यांच्यावरच हात बसवतं, आणि दोन-तीन वर्षांत नुसत्या आवाजावरून क्लच प्लेट गेलीय की बेअरिंग वाजतंय ते सांगायला लागतं. म्हणजे गाडी जास्त म्हणून पार्ट आणि मिस्त्री जास्त, आणि पार्ट-मिस्त्री जास्त म्हणून पुढचा माणूस तीच गाडी घेणार. हे चक्र एकदा फिरायला लागलं की बाहेरच्या कंपनीनं कितीही जाहिराती केल्या तरी ते सहज मोडत नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर इथंच आहे.

हे चक्र पहिल्यांदा फिरवलं कुणी, हाही भाग बघण्यासारखा आहे. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढं कित्येक वर्षं मामलेदार, बीडीओ, पोलीस, वनखातं, सगळ्यांकडे जीपच. सरकारी गाड्या लिलावात निघाल्या की गावातल्याच कुणीतरी घ्यायच्या आणि वडापला, म्हणजे सीटमागं भाडं घेऊन माणसं न्यायला, लावायच्या. त्यामुळं गावातल्या मिस्त्रीचा हात पहिल्यांदा बसला तो जीपवर. मग प्यूजोच्या परवान्यावर बनवलेली डिझेल इंजिनं आली, कमांडर आली, आर्माडा आली, आणि २००० साली बोलेरो. मिस्त्रीच्या दृष्टीनं ही नवी गाडी नव्हतीच, ओळखीच्याच सांगाड्यावर जरा बरी बॉडी चढवली होती. इंजिनं इगतपुरीला, गाडी नाशिकला, म्हणजे पार्टही लांबून यायचे नव्हते.

त्यात ट्रॅक्टर. महिंद्राचे ट्रॅक्टर १९६३ पासून आहेत. ज्या घरात बापानं त्यांचा ट्रॅक्टर चालवून कर्ज फेडलंय, त्या घरात मुलाला जीप घ्यायची झाली की शोरूममध्ये नव्यानं ओळख करून द्यावी लागत नाही.

बांधणीबद्दलही सांगायला पाहिजे, कारण नुसत्या सवयीवर गाडी वीस-पंचवीस वर्षं खपत नाही. बोलेरो चेसीवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली आहे, ताकद मागच्या चाकांना, मागे स्प्रिंगचे पाटे. वळणावर ती झुलते, हायवेला दमवते, मागच्या आडव्या सीटवर बसून लांबचा प्रवास केला तर पाठ बोलते. पण त्याच आडव्या सीटा दुमडल्या की खताची पोती बसतात. पाटा तुटला तर तो कुठंही बदलून मिळतो. पुढचा बंपर पत्र्याचा, त्यामुळं बैल आडवा येऊन ठोकर बसली तरी पत्राकामवाला ठोकून-वेल्डिंग करून देतो. प्लॅस्टिकचा बंपर तुटला की पूर्ण नवाच घ्यावा लागतो, वर रंगाचा खर्च. कंपनीनंही ही गाडी नीट जपली. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना कर कमी लागतो, म्हणून २०१६ मध्ये बोलेरोची लांबी त्या मर्यादेत बसवून दीड लिटरचं इंजिन दिलं. किंमत आवाक्यात राहिली.

कर्जाचा भाग शहरातल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. नोकरदाराला पगाराची स्लिप दाखवली की काम होतं. शेतकऱ्याकडे स्लिप नसते. त्याच्याकडे सातबारा असतो, दूध संघाचं बिल असतं, आणि पैसा हंगामाला येतो, दर महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. महिंद्राची कर्ज देणारी कंपनी १९९१ मध्ये निघाली आणि तिनं धंदा उभा केला तो खेड्यापाड्यांत. वसुलीचा माणूस गावातला, कुणाचा कांदा कधी निघतो हे त्याला ठाऊक. ज्या गाडीला कर्ज सहज मिळतं ती गाडी त्या भागात वाढते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि जुनी बोलेरो विकायला काढली तर गिऱ्हाईक आठवड्यात दारात येतं. मोडीला चांगला भाव आहे हे ठाऊक असल्यावर कर्ज देणारा आणि घेणारा दोघंही निवांत.

कुणी म्हणेल, मग सगळा खेळ कारखाना जवळ असण्याचा आहे. तसं असतं तर पुणे जिल्हा वेगळाच दिसला असता. जनरल मोटर्सनं तळेगावला २००८ मध्ये कारखाना सुरू केला आणि २०१७ मध्ये भारतातली विक्रीच बंद केली. फियाटच्या लिनिया आणि पुंटो रांजणगावला बनायच्या, चालवायला फार सुरेख गाड्या होत्या, तरी बाजारातून गेल्या. कारखाना हाकेच्या अंतरावर, पण तालुक्याच्या रॅकवर खोका नाही. सुमो तर पुण्याची, टाटांची, १९९४ ला आली तेव्हा वडापवाल्यांनी डोक्यावर घेतली होती. तीही २०१९ पर्यंतच टिकली. म्हणजे एकदा जागा मिळवली की संपलं असं नाही, ती राखावी लागते.

उलट जुनी मुंबई आठवा. टॅक्सी म्हटली की प्रीमियर पद्मिनी, आणि कलकत्त्यात ॲम्बॅसेडर. पद्मिनी बनायची कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये, आणि ॲम्बॅसेडर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला. परमिट राजच्या काळात गाड्याच मोजक्या, त्यात जिचा कारखाना जवळ तिची सोय जास्त. पण खरी गंमत नंतरची आहे. पद्मिनीचं उत्पादन थांबल्यावरही ती मुंबईत वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून धावली आणि वयाच्या नियमामुळं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. कारखान्याला कुलूप लागल्यावर तिला जगवलं ते मिस्त्र्यांनी आणि जुन्या पार्टच्या बाजारानं.

माण-खटावपुरती अजून एक गोष्ट तुमच्या नजरेला पडली असेल. इथली पुष्कळ माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगलेली आहेत. यात्रेला, दिवाळीला तमिळनाडू-कर्नाटकच्या नंबरच्या इनोव्हा आणि फॉर्च्युनर गावात उभ्या दिसतात. पोरं कौतुकानं फोटो काढतात. पण गावातच राहणारा भाऊ घ्यायच्या वेळी बोलेरोच घेतो, कारण त्याला ती इथं चालवायची असते आणि इथंच दुरुस्त करायची असते. पुढाऱ्यांच्या पांढऱ्या स्कॉर्पिओमुळं महिंद्राचा रुबाब वाढला हेही खरं, पण रुबाबानं गाडी विकत घेतली जाते, डिझेल आणि हप्ता रुबाबावर चालत नाही.

आता चित्र बदलतंय. धुराच्या नव्या नियमांत बसणाऱ्या बीएस सहा इंजिनांना सेन्सर आहेत, स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही, आणि ज्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर घेतलाय त्याच्याकडे गर्दी असते. जिथं सीएनजी पंप आलाय तिथं भाड्याच्या गाड्यांत अर्टिगा वाढायला लागल्यात.

राहिला तुमचा प्रश्न. तुमची फिरती दहिवडी, वडूज, म्हसवड अशी मोठ्या रस्त्यावरची असेल आणि मुक्काम पुण्यात असेल, तर बोलेरो घेऊ नका, उगाच पाठ आणि पैसे दोन्ही घालवाल. मारुतीची साधी पेट्रोल गाडी घ्या, तिचे पार्ट इकडेही मिळतात. काम वाड्या-वस्त्यांवरचं, कच्च्या रस्त्याचं, सोबत सामान न्यायचं असं असेल तर बोलेरोच घ्या. आणि शोरूमला जायच्या आधी ज्या तालुक्यात जास्त वावर आहे तिथल्या स्पेअरच्या दुकानात जा. मनात असलेल्या गाडीची क्लच प्लेट, ब्रेक शू आणि फ्युएल फिल्टर आहे का विचारा. मालक न उठता "मागवून देतो" म्हणाला, तर ती गाडी मनातून काढा.