खजिन्याचा गेम आणि नववीतला मुलगा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात. मुलगा बेळगावात मामाकडं राहून नववीत शिकतो. मामाच्या घरी प्लेस्टेशन आहे. दसऱ्यापासनं माझ्या मागं लागलाय, 'अनचार्टेड'ची 'लेगसी ऑफ थीव्ज कलेक्शन' घेऊन दे म्हणून. डबीवर 16 लिहिलंय. भाऊ म्हणतो, अमेरिकेत 13 वर्षांना चालतं, आपल्याला काय की! मी जरा वेळ बघितलं तर बंदुकाच चाललेल्या. नावातच चोर आहेत. द्यावं का घेऊन?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : द्या. नववीतल्या मुलाला मी हा गेम देईन, सहावीतल्याला देणार नाही. आणि नववीतल्यानंही खोलीचं दार लावून खेळायचं नाही. बाहेरच्या खोलीतला टीव्ही आणि आसपास मामी वावरतेय, एवढी माझी अट.

आकड्यांचा घोळ असा आहे. 16 हा युरोपातल्या पेगीचा, म्हणजे गेम कुठल्या वयाला चालेल ते ठरवणाऱ्या संस्थेचा शिक्का. तुमचे भाऊ सांगतात तो अमेरिकेतल्या तशाच संस्थेचा, ईएसआरबीचा 'टीन', म्हणजे 13 आणि पुढे. गेम एकच आहे. माणसांवरचा गोळीबार खऱ्यासारखा दिसला की पेगीवाले वय वर नेतात. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉरचा दाखला लागतो, गेमला लागत नाही, म्हणून दुकानदारही "चालतंय की हो" म्हणून मोकळा होतो.

या डबीत दोन गेम आहेत. 2016 चा 'अनचार्टेड 4' आणि 2017 चा 'द लॉस्ट लेगसी'. दुसरा मी टिळकवाडीत भाच्याशेजारी बसून अथपासून इतिपर्यंत बघितला. भाचा वैतागला, कारण मी मध्येमध्ये "थांब, ती मूर्ती नीट बघू दे" म्हणत होते. गोळ्या लागून माणसं पडतात, मागून जाऊन मान आवळली जाते, रक्त दिसतं. पहिल्या गेममध्ये पिंजऱ्यांत लटकणारे सांगाडे आहेत. हातपाय तुटून उडत नाहीत, नग्नता नाही. शिव्या आहेत, पण तेवढं इंग्रजी तो रिक्षात बसूनच शिकला असेल. गोळीबाराचा त्याला कंटाळा आला तर 'एक्सप्लोरर' नावाची सोपी पातळी निवडू द्या. मारामारी लवकर आटोपते आणि चढणं, दोरीला लोंबकळणं, कोडी सोडवणं यांना जास्त वेळ मिळतो. खरी गंमत तिथंच आहे.

एक विसंगती मात्र डोळ्यांत भरते. नायक नेथन ड्रेक हसतमुख, बायकोवर जीव असलेला गडी, आणि खेळता खेळता त्याच्या हातून शेकड्यांनी माणसं मरतात. यावर इतकी टीका झाली की गेम बनवणाऱ्यांनी 'अनचार्टेड 4'मध्ये 1000 शत्रू मारणाऱ्याला मिळणाऱ्या ट्रॉफीला त्या टीकेचंच नाव देऊन टाकलं. मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

रक्तापेक्षा मला काळजी खजिन्याची वाटते. 'अनचार्टेड 4'मधलं सोनं हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याचं. हा खरा माणूस. 1695 मध्ये त्यानं मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज लुटलं. औरंगजेब तेव्हा दख्खनेत मराठ्यांशी झुंजत होता, राजाराम महाराज जिंजीला होते. जहाजावर यात्रेकरू होते. त्यांचे हाल झाले, अब्रू वाचवण्यासाठी काही बायकांनी समुद्रात उड्या घेतल्या. मुघल इतिहासकार खाफी खानानं हे लिहून ठेवलंय. गेममध्ये सोनं झळकतं, त्या बायका कुठं येत नाहीत. मुलाला एवढंच विचारा, "हे सोनं कुणाचं रे?" व्याख्यान देऊ नका, तो कान बंद करेल.

'लॉस्ट लेगसी' तर आपल्याच राज्यातली, कर्नाटकातली गोष्ट. सह्याद्रीचं रान, होयसळांची उद्ध्वस्त नगरं, बेलूर-हळेबीडूची नावं. क्लोई फ्रेझर ही अर्धी भारतीय आणि नादीन रॉस ही दक्षिण आफ्रिकेची भाडोत्री सैनिक, अशा दोघी गणपतीचा तुटलेला दात शोधायला निघतात. परशुरामाच्या परशूनं तो तुटला, ही आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट कथेच्या गाभ्याला आहे. दोन बायका नायिका, याचंही मला कौतुक वाटलं. चित्रं सुंदर आहेत, जीपमधून रान फिरताना जांबोटीकडच्या पावसाळ्याची आठवण येते. पण गेममध्ये ही नगरं जंगलात हरवलेली. खऱ्या हळेबीडूला एसटी जाते, शाळेच्या सहली जातात. 2023 मध्ये बेलूर, हळेबीडू आणि सोमनाथपूरची होयसळ मंदिरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. आणि गेममध्ये या दोघी जिथं पाय ठेवतात तिथं शतकानुशतकं उभं असलेलं काहीतरी कोसळतं. मी इतिहास शिकवलाय, माझ्या पोटात गोळा येत होता. भाचा हसत होता.

खजिना म्हणजे काय, हे तुमच्या मुलाला तुमच्याच तालुक्यात दाखवता येईल. त्याला हलशीला न्या. कदंबांची ही दुसरी राजधानी. इथं मिळालेले ताम्रपट पाचव्या शतकापासूनचे आहेत आणि त्यांत जैनांना दिलेल्या जमिनींची नोंद आहे. ते पत्रे कुणी वितळवले असते तर तांब्याचा एखादा गडूही धड झाला नसता. किंमत अक्षरांची आहे, आणि ती मिळाली कुठं, याची आहे. भूवराह नरसिंहाच्या देवळात जरा बसा. बेळगावात वडगाव-माधवपूरला तर उत्खननात सातवाहन काळातली वस्ती मिळाली. मामाच्या घरापासनं फार लांब नसेल.

हे एवढ्यासाठी सांगतेय की आपल्याकडे गुप्तधनाचं वेड अजून गेलेलं नाही. अमावस्येला लिंबू-कुंकू घेऊन जुन्या देवळाचा चौथरा उकरणारे आजही आहेत. कर्नाटकाच्या 2017 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार मुद्दाम घातलेत, ते उगीच नव्हे.

'लॉस्ट लेगसी'चा शेवट सांगते, पण मुलाला सांगू नका. त्या दातासाठी एवढं रामायण घडतं आणि अखेर क्लोई तो विकत नाही, भारताच्या सांस्कृतिक मंत्रालयाला द्यायचं ठरवते. सोबतचा सॅम, म्हणजे नेथनचा भाऊ, त्यावर कुरकुरतो. तो भाग आला की मुलाच्या शेजारी बसा आणि तो कुणाच्या बाजूनं बोलतो ते ऐका.

व्यवहाराचं थोडं. या डबीत ऑनलाइन अनोळखी लोकांबरोबर खेळायचा भाग काढून टाकलेला आहे, त्यामुळे ती धास्ती नको. प्लेस्टेशनवर मुलाचं वेगळं खातं काढून वेळेची आणि खर्चाची मर्यादा घालता येते. मामाला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र खात्यात 13 ची मर्यादा घातली आणि डबी 16 ची असली तर गेम उघडणारच नाही, मग पोरगा रडत तुम्हाला फोन करील.

प्रश्न : ताई, मी सातवीत आहे. आमच्या राजहंसगडावर खजिना पुरलाय असं आजोबा म्हणतात. मला आणि माझ्या मित्रांना खणायचं आहे. खजिना मिळाला तर आमचा होईल का?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : बाळा, गडावर खणू नकोस. पोलीस विचारतील आणि आजोबांना स्टेशनात जावं लागेल. शेत नांगरताना नाण्यांचा गाडगा लागला, तरी तो गुपचूप घरात ठेवायचा नसतो. कर्नाटकात 1962 पासून त्याचा कायदा आहे, डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे कळवावं लागतं. गडावर जरूर जा, वही घेऊन जा, तटाच्या दगडांवर काही कोरलेलं दिसलं तर त्याचं चित्र काढ. आजोबांनी खजिन्याची गोष्ट कुणाकडून ऐकली तेही विचारून लिही, आणि मला पाठव.