इनटेक आणि एक्झॉस्ट घरी बसवणार असशील तर

भावा, गाडीचा इनटेक म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप नि फिल्टर, आणि एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप. हे दोन्ही एकाच दिवशी बदलू नकोस. आधी इनटेक बसव, चार दिवस चालव, मग एक्झॉस्ट. चेक इंजिनचा दिवा लागला तर दोष कुठला ते लगेच कळतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढ. एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) आतल्या बारीक तारेला बोट लावू नकोस, आणि बाणाची दिशा बघूनच तो नव्या पाइपात बसव. तेल लावायचा एअर फिल्टर असेल तर तेल बेतानं. जादा झालं की तारेवर चिकटतं आणि हवेचं माप चुकतं. फिल्टर बंपरखाली नेणारं किट आपल्याकडं नकोच. पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी येतं. ते फिल्टरनं ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिनच उघडावं लागतं.

एक्झॉस्टचं काम गाडी पूर्ण गार झाल्यावरच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नकोस, स्टँड लाव. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मार. ऑक्सिजन सेन्सरला (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) बहुतेक गाड्यांत २२ चा पाना लागतो. पाइप टांगणारे रबरी हँगर साबणाच्या पाण्यानं सरकतात. गॅस्केट (जोडातली सीलची पट्टी) नवीनच घे. सगळे जोड ढिले ठेवून पाइप कुठं घासत नाही ना बघ, मग इंजिनकडून मागं कसत जा. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडं, इंजिनच्या बाजूला गळती राहिली तर बाहेरची हवा आत शिरते आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उगाच जादा पेट्रोल सोडतो. फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्ट लावायची चकती) जुळत नसेल तर ओढूनताणून बोल्ट लावू नकोस, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग करून घे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) अजिबात काढायचा नाही. मोठ्या आवाजावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली कारवाई होते, म्हणून कंपनीचा मफलर (आवाज कमी करणारा डबा) जपून ठेव.