शेजार बघ

प्रिय मुली,

रविवारी तू गेलीस आणि माझं जेवणात लक्ष लागेना. लॅपटॉप उघडून तू मला अकरा पॅलेट, म्हणजे रंगांचे संच, दाखवल्यास. प्रत्येकीत पाच चौकोन, चौकोनाखाली त्याचा नंबर, दोन चौकोनांमध्ये पांढरी पट्टी. मग म्हणालीस, "काकू, डिप्लोमाचं काम तपासणाऱ्या ज्यूरीत म्हणाले, तुझे रंग तुझे वाटत नाहीत. माझी स्वतःची पॅलेट कुठली तेच मला कळत नाहीये." तुझा आवाज बारीक झाला होता. मी चहा टाकायला उठले, कारण मला राग आला होता. तुझा नाही, त्या प्रश्नाचा. तोच प्रश्न बाविसाव्या वर्षी मी स्वतःला विचारला आणि त्याच्या मागे लागून चांगली सात-आठ वर्षं घालवली.

तुला नजर आहे की नाही, यावर मी शाई खर्च करणार नाही. नसती तर तुला दुसऱ्यांदा घरी बोलावलं नसतं. मला सांगायचंय ते एवढंच, की शेजार बघ. रंगाचा शेजार बघ. तुझ्या त्या पंचावन्न चौकोनांना शेजारच नव्हता. प्रत्येकाला पांढरी भिंत घालून तू वेगळं काढलं होतंस. तशा एकट्या रंगाबद्दल मी तुला काय सांगू?

मला हे शिकवलं ते कलर किचनमधल्या मास्तरांनी. गिरणीत छपाईचे रंग जिथे कालवतात ते खातं. मी डिझाइन स्टुडिओत नवीन होते. एका साडीसाठी डाळिंबी जमीन आणि तिच्यावर बारीक राखाडी पानं, असं मॅचिंग काढलं होतं. राखाडी अगदी शुद्ध, काळ्या-पांढऱ्यातून केलेला, त्याच्यावर मी जीव टाकला होता. नमुन्याचा तुकडा छापून आला तर पानं हिरवट, शेवाळ धरल्यासारखी. मी तो तुकडा घेऊन तरातरा खाली गेले आणि सगळ्या कामगारांसमोर मास्तरांना म्हटलं, "तुम्ही यात हिरवा टाकलाय." ते काही बोलले नाहीत. टेबलावर लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा पांढरा तुकडा पडला होता, त्याला पंचने भोक पाडलं आणि भोकाखाली एक पान येईल असा तो कापडावर ठेवला. भोकातून राखाडी दिसला. माझाच राखाडी. पुठ्ठा उचलला, पान हिरवट. ठेवला, राखाडी. तीन-चारदा त्यांनी तसं केलं आणि म्हणाले, "बाई, रंगाला काय झालं नाही. शेजार बघा."

मी माफी मागितली नाही. वर जाऊन जागेवर बसले, आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असं वागले. 1982चा संप आला, भोंगा बंद झाला, मास्तर गावी निघून गेले. आज त्या माणसाचं पूर्ण नावही मला सांगता येत नाही, आणि मला जे काही येतं त्यातलं अर्धं त्यांचं आहे.

पुढे कळलं की हीच तक्रार पॅरिसमध्ये माझ्या कितीतरी आधी झाली होती. तिथल्या गोब्लाँ या राजेशाही विणकाम कारखान्याच्या रंगाई खात्यावर 1824मध्ये मिशेल-यूजेन शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्रमुख म्हणून आले. तक्रार होती की इथला काळा कच्चा आहे, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत घातला की दम राहत नाही. शेव्रलनी तो काळा तपासला, दुसऱ्या कारखान्यांच्या काळ्याशी ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारात त्याची ताकद जात होती. त्या एका तक्रारीचा पाठपुरावा करत 1839मध्ये त्यांनी रंगांच्या परस्परविरोधावर जाडजूड ग्रंथ छापला. पुढे चित्रकारांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. हे सगळं त्या भोक पाडलेल्या पुठ्ठ्यात होतं.

तू आल्बर्स या चित्रकाराचं नाव घेतलंस, म्हणून विचारते, त्याचे चौकोन नीट पाहिलेस का? ते एकात एक बसवलेले आहेत. मध्ये भिंत नाही. तीन किंवा चार रंग, कडेला कड लावून. ही मालिका त्याने 1950मध्ये, बासष्टाव्या वर्षी सुरू केली आणि 1976मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. ट्यूबमधला रंग तसाच काढून सुरीने हार्डबोर्डवर लावायचा आणि बोर्डाच्या पाठीमागे कुठल्या कंपनीचा कुठला रंग ते बारीक अक्षरात लिहून ठेवायचा. म्हणजे रंग बाजारातला, कुणालाही विकत मिळणारा. "माझी पॅलेट" म्हणावं असं त्यात काय होतं? मांडणी त्याची होती. विद्यार्थ्यांना तो रंगीत कागदांचे कपटे घेऊन बसवायचा आणि एकच रंग दोन वेगळ्या जमिनींवर ठेवून दोन रंगांसारखा दिसेल असं करून दाखवायला सांगायचा. 1963च्या त्याच्या पुस्तकात दीडशे चित्रपत्रं होती, ती स्क्रीनने छापलेली, कारण साध्या छपाईत शेजार बिघडला असता.

त्याची बायको आनी आल्बर्स मला जास्त जवळची. ती विणकर. विणकराला रंग कालवता येत नाही, फक्त एक धागा दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येतो. येवल्याला मागावर पैठणी पाहिलीस ना तू? ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर जरा कलला की तिसराच रंग अंगावरून सरकतो. तो तिसरा रंग कुठल्याच धाग्यात नाही. मग विणकराची पॅलेट कुठली म्हणशील?

आता फ्रेंच चित्रकार मातीस. तुझ्या खोलीत त्याच्या "लाल स्टुडिओ"चं ते पोस्टर आहे, म्हणून मुद्दाम. 1911चं ते चित्र, साधारण सहा फूट बाय सव्वासात फूट, सगळी खोली एका गेरूच्या जातीच्या लालात बुडालेली. तुला वाटतं, काय हिंमत, एका रंगात खोली रंगवली. ती खोली आधी लाल नव्हती. अलीकडे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात चित्राची तपासणी झाली तेव्हा लालाखाली निळा, गुलाबी आणि रामरजेसारखा पिवळा निघाला. ते सगळं रंगवून, वाळवून, मग त्याने वर लाल फिरवला आणि खुर्चीच्या, टेबलाच्या, घड्याळाच्या रेषा तेवढ्या न झाकता सोडल्या. त्या रेषा त्याने काढलेल्या नाहीत, त्या खालच्या रंगाच्या फटी आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर लालाच्या कडेने जुना रंग श्वास घेतो. ज्या रशियन व्यापाऱ्यासाठी तो चित्रं करत होता त्याने हे घेतलं नाही. लाल "मातीसचा लाल" झाला तो नंतर, आपल्यासारख्यांनी पोस्टरं लावल्यावर.

आणि आपल्याकडे बघायचं तर सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये त्यांचं "ग्लो ऑफ होप" आहे. हातात दिवा घेतलेली बाई, ज्योतीला आडोसा म्हणून धरलेला दुसरा हात, बोटांच्या कडा तांबूस झालेल्या. लोक तिथे "खरंच उजेड पडतोय" म्हणून उभे राहतात. मी दोन वेळा गेले, दुसऱ्यांदा फक्त त्या बोटांसाठी. ते जलरंग आहेत, मुली. जलरंगात कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ काहीच मिळत नाही, आणि तो कागद तुझ्या वहीसारखाच. उजेड ज्योतीत नाही, भोवतीच्या अंधारात आहे. तो अंधार त्यांनी किती धीराने, किती थरांनी बांधला असेल, त्याचा विचार कर. पुन्हा तेच, शेजार.

मी हे इतक्या वेळा का लिहितेय, तर माझा निळा. नोकरी करता करता मी रात्री चित्रं काढायचे. एका मोठ्या माणसाने माझ्या एका चित्रापुढे उभं राहून म्हटलं, "हा निळा तुमचा आहे." झालं. त्यानंतर मी निळ्याशिवाय काही लावलं नाही. महागातला निळा आणायचा, त्याच्यावर दुसरा निळा, त्याच्यावर तिसरा. चित्रं दिवसेंदिवस मरत गेली आणि मी आणखी निळा ओतत राहिले. शेवटी कॅनव्हास गुंडाळून माळ्यावर टाकले आणि लोकांना सांगितलं, घर आणि नोकरी यात वेळ मिळत नाही. वेळ होता. गेल्या वर्षी रंगकाम निघालं म्हणून ते खाली काढले. एका कॅनव्हासच्या कोपऱ्याला पार्सलच्या खाकी कागदाचा कपटा चिकटला होता, बोटभर. तेवढ्या बोटभर जागेत निळा जिवंत होता. मी जमिनीवर बसून कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत होते. रंग चांगला होता. मी त्याला शेजार दिला नाही.

म्हणून तुला कुणी "तुझी पॅलेट कुठे" विचारलं की माझ्या पोटात कालवतं.

चित्रकार गायतोंड्यांचं नाव पुढे करू नकोस. तू म्हणालीस, ते एकाच रंगात काम करायचे. रोलरने लावलेला, सुरीने खरवडलेला, पुन्हा लावलेला तो रंग एकच कसा असेल? त्यांच्या पिवळ्याजवळ जाऊन उभी राहा. एका पिवळ्याला दुसऱ्या जरा जुन्या पिवळ्याचा शेजार आहे आणि सगळी कमाल त्या जरामध्ये आहे. ती "जरा" पाहायला मला साठी यावी लागली. तुला इतका उशीर करायचं कारण नाही.

नंबर लिहिणं बंद कर, निदान पहिल्या कच्च्या कामात. आपल्याकडे रंगांना नावं आहेत ती वापर. आमसुली, मोरपिशी, गुलबक्षी, वांगी, केतकी, अबोली. साडीच्या दुकानात तुझी आजी हीच नावं घेते. अबोली म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नुसती नारिंगी-गुलाबी पाकळी येत नाही. वेणी येते, मधे खोचलेला मरवा येतो आणि वेणीखालचा काळा केस येतो. नावाबरोबर शेजार आला. नंबराबरोबर काय येतं?

आता माझ्या हट्टाबद्दल, कारण तू कुणाकडून तरी ऐकलंच असणार. गिरणीनंतर मी बाहेरची कामं घ्यायचे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने फोनवर फोटो पाठवून लग्नाच्या साड्यांचा लाल पास करायला सांगितला. मी म्हटलं, कापड पाठवा, मी ते दिवसा पाहीन, ट्यूबलाइटखाली पाहीन आणि पिवळ्या बल्बखाली पाहीन, कारण कार्यालयात पिवळेच दिवे असतात. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी केलेले लाल उन्हात एक दिसतात आणि बल्बखाली फाटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. ते म्हणाले, इतका वेळ नाही. मीही नाही म्हटलं. काम दुसरीकडे गेलं, पुढची कामंही गेली, आणि घरात सगळ्यांनी मला अडेलतट्टू ठरवलं. मला आजही माझं चुकलं असं वाटत नाही. मॅचिंगच्या दुकानात ब्लाउजपीस घेऊन "जरा बाहेर उजेडात बघते" म्हणत पायरीवर येणारी प्रत्येक बाई माझ्या बाजूची आहे. उजेडही शेजारच असतो. पैशाचं नुकसान झालं, ते झालं. पण डोळ्याला पटलं नाही ते मी पास केलं नाही, आणि तूही करू नकोस, ज्यूरी काहीही म्हणो.

रागावलीस का? मी तुझ्यावर ओरडते तेव्हा त्यातलं बरंचसं त्या बावीस वर्षांच्या मुलीला असतं.

बोनारबद्दल सांगायचं राहिलं होतं. चित्रकार पिएर बोनार, फ्रान्सच्या दक्षिणेला ल काने या गावी राहायचा. जानेवारी 1947मध्ये तो गेला, 79 वर्षांचा होता. शेवटचं चित्र होतं खिडकीतून दिसणाऱ्या बहरलेल्या बदामाच्या झाडाचं, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. अंथरुणाला खिळल्यावर त्याला राहवेना. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातला जमिनीचा हिरवा चुकलाय, तिथे पिवळा हवा, म्हणाला. हातात जोर नव्हता, म्हणून भाच्याची मदत घेऊन त्याने तो हिरवा पिवळ्याने झाकला. कोपऱ्यातली वीतभर जमीन, पण ती बदलल्याशिवाय वरची फुलं त्याला हवी तशी पांढरी होत नव्हती.

पुढच्या रविवारी लॅपटॉप आणू नकोस. शिंप्याकडून चिंध्यांची पिशवी आण, जितक्या जास्त रंगांच्या तितकं बरं, आणि तुझ्या डिप्लोमाच्या साडीच्या काठाचा तुकडा. पांढरा पुठ्ठा आणि पंच माझ्याकडे आहे. साडेतीनपर्यंत ये, चारनंतर आमच्या गॅलरीतला उजेड पिवळा होतो. तो काठ तेव्हा परत एकदा बघायचाय.

तुझी,
काकू